पंप बंद असण्याचा एकच दिवस

नाव: यशवंत बाबाराव खानझोडे. वय: ५४ वर्षे. शिक्षण: बी.ई. (यांत्रिकी), नागपूर. व्यवसाय: नोकरी, देखभाल अभियंता. राहणार: चौबे कॉलोनी, रायपूर, छत्तीसगढ. वैवाहिक स्थिती: विधुर. (ठाण्यातून टाइप करून मिळालेल्या या तपशिलात ‘विवाहित’ असे होते. ते मी खोडून बाजूला सही केली आहे.)

दिनांक १२ ऑक्टोबर २००२, सकाळी ११.१५.

मी वरील इसम, पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून जबाब देतो की, मी रायपूरजवळील उरला औद्योगिक क्षेत्रातील एका रसायन कारखान्यात नऊ वर्षांपासून नोकरीस आहे. ठाण्यातील हवालदारांना मराठी समजते, परंतु लिहिता येत नाही. त्यांच्या परवानगीने हा जबाब मी स्वहस्ते लिहीत असून हिंदी अनुवाद सोबत जोडीत आहे.

दि. ९ ऑक्टोबर रोजी सकाळी १०.२० वाजता पंपगृहातील मुख्य पाइपचा जोड फुटला. गरम कॉस्टिकचे द्रावण पंपचालक धर्मपाल मेश्राम, राहणार बीरगांव, यांच्या उजव्या हातावर व मांडीवर पडले. ते रुग्णालयात दाखल आहेत. कारखान्याने पोलिसांना दिलेल्या अहवालात दोन कारणे नमूद आहेत. एक, वार्षिक तपासणीच्या दिवशी, म्हणजे दि. १७ सप्टेंबर रोजी, देखभाल अभियंता पत्नीच्या निधनामुळे गैरहजर होते. दोन, तपासणी झालेली नाही हे माहीत असूनही धर्मपाल यांनी पंप चालवला. ही दोन्ही कारणे खोटी आहेत. अहवालातील शुद्धलेखन मात्र निर्दोष आहे.

प्रकरण समजण्यासाठी थोडी तांत्रिक माहिती देणे आवश्यक आहे. आमचा पंप द्रव एकसारखा ढकलत नाही, ठोके देत ढकलतो. ते ठोके पाइपला बसू नयेत म्हणून पाइपवर एक पोलादी गोल भांडे बसवलेले असते. कामगार त्याला मटका म्हणतात. त्याच्या आत रबरी पिशवी असून तिच्यात नायट्रोजन वायू भरलेला असतो. ठोका आला की पिशवी दबते, ओसरला की फुगते, आणि पाइप शांत राहतो. पिशवीतील वायू कमी झाला की मटका हे केवळ एक जड भांडे उरते.

वायूचा दाब पंप बंद करून, पाइपमधील दाब पूर्ण सोडूनच मोजावा लागतो. आमच्या पाइपमध्ये वीस किलो दाब असतो. पंप बंद असताना पिशवीत चौदा असला पाहिजे. पंप चालू असताना गेज पाहिला तर तो पाइपचाच दाब, म्हणजे वीस, दाखवतो. पिशवी धडधाकट असली तरी वीस, रिकामी असली तरी वीस. कारखान्यात दर सोमवारी पंप चालू असताना गेज पाहिला जातो आणि नोंदवहीत ‘२० – ठीक’ असे लिहिले जाते. सलग चौदा महिने वीस आल्याबद्दल पंपगृहाला उत्कृष्ट देखभालीची ढाल मिळाली. ती मटक्याच्या वरच्या भिंतीवर टांगली होती. हादऱ्यांनी दोनदा पडली.

मी या नोंदींपुढे ‘सदर मापन निरर्थक आहे’ असा शेरा लिहीत असे. नवीन राज्य झाल्यावर नव्या राज्याच्या नावाच्या नोंदवह्या छापून आल्या. त्यांत शेऱ्याचा रकाना नाही. जूनमध्ये गेजचा काटा फार थरथरू लागला, हे मी लेखी कळवले. कार्यव्यवस्थापक श्री. हिरालाल यांनी तत्परतेने ग्लिसरीन भरलेला नवा गेज बसवून घेतला. काट्याचे थरथरणे थांबले. पाइपचे थांबले नाही.

मटका व पाइप यांच्यामध्ये बंद करता येईल असा वाल्व नाही. दुसरा पंपही नाही. होता, त्याचे भाग काढून पहिल्याला लावले आहेत. त्यामुळे तपासणीसाठी पंप थांबवणे भाग आहे, आणि आमचा पंप वर्षातून एकच दिवस थांबतो, १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेला. त्या दिवशी मात्र नट फिरवायचे पाने, चाव्या, हातोडे पूजेच्या चौरंगावर असतात व त्यांना कोणी हात लावत नाही. म्हणजे पाना हाती असतो तेव्हा पंप चालू, आणि पंप बंद असतो तेव्हा पाना देवाजवळ. ही व्यवस्था माझ्या आधीपासूनची आहे.

दि. १७ सप्टेंबर रोजी माझी पत्नी विनोदिनी शहरातील एका रुग्णालयात दाखल होती. सकाळी ७.४० वाजता तिने मला विचारले, “आज त सुट्टी असते ना?” मी सांगितले की पंप फक्त आजच बंद असतो. ती म्हणाली, “मंग जा. त्याची तब्येत पाहून या. माझी काय, डॉक्टर पाहूनच राहिले.” मी दुपारी बारापर्यंत परत येतो असे सांगून निघालो.

मी ८.५० वाजता पंपगृहात पोहोचलो. हजेरीपटावर माझी सही आहे. मटक्याला पूजेला येणाऱ्या पाहुण्यांसाठी नुकताच चंदेरी रंग दिला होता. अकरा महिन्यांतील ही तिसरी वेळ. वायू भरण्याच्या झडपेचे टोपण रंगात चिकटले होते. वर शेंदराचे स्वस्तिक व गेजला झेंडूचा हार होता. नायट्रोजनची नळी मी आणली होती. सिलिंडरची चावी आणि पाना चौरंगावर होते. मी श्री. हिरालाल यांच्याकडे एका पान्याची मागणी केली. ते म्हणाले, “खानझोडेजी, आज के दिन भगवान के हाथ से पाना छीनोगे क्या? मेहमान आ जाएँ, आरती हो जाए, फिर ले लेना.”

पाहुणे मंत्रालयातून दहा वाजता येणार होते. ते बारा वाजून पाच मिनिटांनी आले. दरम्यान मी नळी घेऊन मटक्याजवळ उभा होतो. धर्मपाल मेश्राम हे बौद्ध असून पूजेत नव्हते, ते शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, आज मटक्याले सुट्टी, पान्याले सुट्टी. मंग आपल्यालेच काहून नाही?” नंतर ते म्हणाले, “मी उचलून आणू का पाना? मले कोनता देव रागावते?” मी त्यांना मनाई केली. नियमाप्रमाणे परवानगी आवश्यक होती. या मनाईची जबाबदारी माझी आहे.

पाहुण्यांनी मटक्याकडे बोट दाखवून हे काय, असे विचारले. श्री. हिरालाल यांनी, “सर, यही हमारा सेफ्टी सिस्टम है,” असे उत्तर दिले. पाहुण्यांनी मटक्याला नमस्कार केला. एक वाजता पंप सुरू करण्याचा आदेश झाला. त्यानंतर मला पाना मिळाला.

रुग्णालयातून कारखान्यात ११.५० वाजता फोन आला होता. आरतीत व्यत्यय नको म्हणून निरोप मला १.२५ वाजता, प्रसादासोबत, देण्यात आला. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ ११.४० अशी आहे.

दि. १ ऑक्टोबर रोजी मी कामावर रुजू झालो आणि त्याच दिवशी पंप चार तास थांबवण्याचा लेखी अर्ज दिला. अर्जावर श्री. हिरालाल यांच्या अक्षरात ‘अगली विश्वकर्मा पूजा पर अवश्य किया जाए’ असे लिहिलेले आहे. प्रत जोडली आहे.

काल, दि. ११ रोजी, सायंकाळी सहा वाजता श्री. हिरालाल सांत्वनासाठी माझ्या घरी आले. चहा मीच केला. ते म्हणाले, “आप तो दुख में थे. आपको कौन दोष देगा? बस इतना लिख दीजिए कि उस दिन नहीं आए थे.” मी म्हटले, मी आलो होतो. ते म्हणाले, “वो तो हमको भी पता है, भैया.” मी विचारले, मग धर्मपालचे काय? ते म्हणाले, “उसका देख लेंगे.” त्यांनी चहा अर्धा ठेवला.

मी असे लिहून दिले, तर मला कोणी दोष देणार नाही, कारखान्यालाही नाही. मग धर्मपाल मेश्राम उरतात. त्यांनी पंप चालवला, कारण त्यांना चालवण्याचा आदेश होता. पाना उचलू का, असे त्या दिवशी विचारणारा कारखान्यातील तो एकच माणूस.

माझ्याविषयी इतके नोंदवून घ्यावे की, पंप बंद करण्याचे बटण लाल रंगाचे असून माझ्या हाताच्या अंतरावर आहे. ते दाबण्यास कोणाची परवानगी लागत नाही. चौदा महिन्यांत मी अर्ज अकरा दिले. बटण एकदाही दाबले नाही.

माझ्या पत्नीचे निधन पंपाच्या बिघाडाचे कारण म्हणून कोणत्याही कागदावर लिहिले जाऊ नये, ही विनंती. दि. १७ सप्टेंबर रोजी मी गैरहजर होतो, हे खरे आहे. जेथून गैरहजर होतो, ती जागा कारखाना नव्हती.

हा जबाब मी शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून हवालदारांना मोठ्याने वाचून दाखवला. वरच्या परिच्छेदातील शेवटच्या वाक्यावर त्यांनी थांबवून विचारले, “साहब, ये लाइन रखनी है?” ठेवायची आहे. बाकी मजकूरही माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: य. बा. खानझोडे