करीमानची काळी वांगी

हॅलो?… निहाल! थांब बाळा, गॅस बंद करते… हं, बोल. रिपोर्ट आला?

…नाही रुजला गर्भ?

बरं… बरं. रडू नकोस गं. मी कुठे रडतेय? कांदा चिरत होते.

पण टेस्ट-ट्यूबसाठी अंडी चारच का मिळाली? तिशीसुद्धा गाठली नाहीस तू!… गाठी? बीजकोषावर?… हो, हो… अगं ऐक ना, हळू सांग… एंडोमेट्रिओसिस. आतलं अस्तर भलत्याच जागी वाढतं. त्यानं अंडी कमी मिळतात, गर्भ रुजायलाही त्रास होतो… कळलं, कळलं.

कधीपासून आहे म्हणे?… चौदाव्या वर्षापासून असेल?

…म्हणजे पाळी सुरू झाली तेव्हापासूनच.

मग ते वांग्यांचं?… हसू नकोस! आपल्या अख्ख्या दुमयात शहराला ठाऊक आहे, नव्या नवरीच्या खोलीत काळी वांगी घेऊन कुणी शिरलं की तिची कूस बांधली जाते. आणि तुझी करीमान मावशी, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी, बाजारातून थेट पिशवीसकट आत!… हो गं, तुझ्यासाठीच भात भरून करणार होती… कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हो. सहा वर्षं, निहाल. सख्खी बहीण वरच्या मजल्यावर, आणि जिन्यात दिसली की मी तोंड फिरवते. ईदची बिस्किटंसुद्धा परत पाठवली तिची.

…तुला आठवतं? पाळी आली की तू गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याशी, थंड फरशीवर पाय पोटाशी घेऊन पडायचीस. करीमान तव्यावर मीठ तापवायची, फडक्यात बांधून तुझं पोट शेकायची. दालचिनीचा काढा फुंकून फुंकून पाजायची. वर गाणं म्हणायची, बेसूर… हो, कबुतरं उडून जायची! दुखत असूनही खुदकन हसायचीस तू. काय दिवस होते गं ते… फार आठवण येते मला.

एक सांगू? रागावू नकोस… तीच म्हणाली होती, पोरीला डॉक्टरला दाखवू. मीच म्हटलं, बिनलग्नाच्या पोरीला बायकांच्या डॉक्टरकडे? लोक काय म्हणतील! लग्न झालं की जाईल दुखणं… माझ्याच तोंडानं म्हटलं.

नको, ‘जाऊ दे आई’ म्हणू नकोस. चुकलं माझं.

हं… अजून एक गर्भ गोठवलेला आहे? एकच?… आधी तीन महिने इंजेक्शनं देऊन आजार शांत करायचा, मग तो गर्भाशयात ठेवायचा… आणि खात्री?… नाही देत. बरं आहे, खोटं तरी बोलत नाहीत बाई.

येणार म्हणजे काय, येणारच कैरोला! माझ्या जावयाला, वाएलला सांग, ‘तुझी सासू येतेय’… काय?… करीमानलाही आणू?

तू बोलतेस तिच्याशी?… सहा वर्षं? दर आठवड्याला? आणि मला एका अक्षरानं… मग मी का अबोला धरला, तेही ठाऊक होतं तिला?… होतं. आणि तरी सकाळी माझ्या कुंड्यांना पाणी घालते ती. मला वाटायचं, रखवालदार घालतो.

…नाही गं. आता मात्र कांदा नाही.

ठेवते मी. वर जाते… हो, आत्ता. पण रिकाम्या हातानं कशी जाऊ? घरात आहे काय… बघते… निहाल, घरात नेमकी वांगीच आहेत.

काळीच.

…जाते. पिशवीसकट जाते.