बांधणी थांबायला हवी होती

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निखळलाय. इकडे पलंगावर बसा. चहा टाकू? नको? बरं. तर माझं कम्प्युटरचं पॅकेज आता तुम्ही सांभाळायला घेताय — घ्या हो, खुशाल घ्या. नऊ वर्षं सांभाळलं मी ते, पण आता या दोन बोटांनी टायपिंग होत नाही, आणि खरं सांगू का, इच्छाही होत नाही. तुम्हाला वेगळं काय सांगायचं, पण ताई विचारायची ना, तू नक्की करतेस काय, तेव्हा मी तिला सांगायचे — बाकीच्या कम्प्युटर सिस्टिममध्ये प्रोग्रामचा तयार डबा येतो, आपल्याकडे नुसती कृती येते, रांधायचं ज्याचं त्याने आपापल्या मशीनवर. मी ती कृती लिहिते. व्हीपीएनच्या, म्हणजे नेटवरच्या छुप्या बोगद्याच्या मॉड्यूलचा सोर्स कुठून उतरवायचा, कुठं ठिगळ लावायचं, ज्याच्या त्याच्या कर्नलशी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याशी जुळवून ते कसं बांधायचं. एवढंच. ताई म्हणायची, म्हणजे स्वयंपाकच की, आणि घरी मात्र तुला साधा भात लावता येत नाही.

ताईचं ठाऊक असेलच तुम्हाला. नाही? ती आधारघर चालवते — म्हणजे चालवायची. नवऱ्याच्या मारातून जीव घेऊन निघालेल्या बायका तिथं राहायच्या. पत्ता कोणालाच द्यायचा नाही, दारावर पाटी नाही, खिडक्यांना जाड पडदे. आणि नेट? ते सगळं माझ्या बोगद्यातून. तिथून गेलेला मेल कुठून आलाय हे बाहेरच्याला कळताच कामा नये. ताई सगळ्या बायकांना सांगायची, बिनधास्त लिहा, माझ्या धाकटीने बांधलंय ते. असा विश्वास.

आता हे बघा, ही ओळ. लिहून घ्या. बांधायच्या आधी कर्नलमध्ये ही सोय चालू आहे का ते तपासायचं. आणि नावाच्या आधी ही नागमोडी रेघ दिसते? ही असली की नुसती सूचना येते आणि बांधणी पुढे जाते. काढली की काम तिथंच थांबतं, ठणाणा करत. मी ती ठेवली होती. का? लोक कटकट करायचे हो, बाई तुमचं पॅकेज सारखं अडतं म्हणून. मला वाटलं, सूचना दिली ना, वाचतील. हे सगळं घडायच्या दहा दिवस आधी एकाने तक्रारीची नोंदही टाकली होती — रेघ काढा, मॉड्यूल बांधलं जातं पण चढत नाही, माणसाला पत्ता लागत नाही. मी काय उत्तर दिलं? 'वाचता येत असेल तर सूचना वाचा.' आणि नोंद बंद. तो एक म्हणजे — हो, तुम्हीच. मेलवर तुमचं नाव बघितलं तेव्हाच ओळखलं मी. म्हणून तर या म्हटलं.

बुधवारी ताईने आधारघराच्या मशीनवर नवा कर्नल घातला. सूचना आली असेल, शेकडो ओळींत वाहून गेली. बोगदा उघडलाच नाही आणि मशीन मुकाट्याने उघड्या रस्त्याने बाहेर पडलं. त्याच दुपारी तिथल्या एका बाईने आपल्या पोरीला मेल केला — दोनच ओळी, जेवत जा, केस विंचरत जा. पोरगी बापाकडे. बाप कामाला कुठे? नेटच्या लाइनी टाकणाऱ्या कंपनीत. मेलच्या पोटातून त्याने कनेक्शनचा आकडा काढला आणि आकड्यावरून, कंपनीच्या यादीतून, घर. सरळ हिशेब.

शुक्रवारी सकाळी मी तिथंच होते, मॉड्यूल का चढत नाही ते बघत. बेल वाजली. ताईने साखळी लावूनच दार उघडलं, पण साखळीची काय पत्रास — एका लाथेत तुटली. तोच, पोरीचा बाप, हातात मोठा लोखंडी पाना. काही विचारलं नाही हो त्याने, कोण, कुठं, काही नाही. पहिलाच घाव ताईच्या कानावर. असा आवाज आला — ओला. ती भिंतीला घासत खाली आली तर खांद्यावर दुसरा. भिंतीवर तिचे केस चिकटलेले मी बघितले. पॅसेजमध्ये आग विझवायचं लाल नळकांडं होतं, ते मी उचललं आणि मागून मारलं. तो पडला. जबाबात तेवढंच आहे. एक घाव, स्वसंरक्षण.

हो, एक. म्हणजे... पडला तेव्हा पाना सुटला हातातून, लांब घरंगळला. तो काही करू शकत नव्हता. मी त्याच्यावर बसले. जबड्यावर मारलं, परत मारलं, ही बोटं त्यातच चिरडली, नळकांड्याच्या कडीत. दात फरशीवर पडल्याचा आवाज येतो, माहीत आहे? बारीक. ती बाई जिन्यावर उभी होती, त्याची बायको. म्हणाली, 'नका हो मारू, माझ्या पोरीचा बाप आहे तो.' अगदी हळू म्हणाली. ऐकलं मी. तिच्याकडे बघितलं. आणि बघून झाल्यावर परत मारलं, डोळ्यावर.

तो घाव ताईसाठी नव्हता. माझ्या डोक्यात तुमची नोंद होती. ती ओळ — वाचता येत असेल तर. कोणावर तरी काढायचं होतं, तो पायाखाली सापडला. जगलाय तो. डोळा गेला, नळीने जेवतो. ती बाई त्याच्या उशाशी बसते म्हणे. साक्षीत तीही एकच घाव म्हणाली. का म्हणाली असेल? मला विचारायचं धाडस नाही. आणि ताईला आता त्या कानाने ऐकू येत नाही, तर ती माझा हात धरून सगळ्यांना सांगते, हिने वाचवलं मला.

असं बघू नका. तुम्ही दहा दिवस आधी सांगितलंत, बरोबर होतात, झालं समाधान? का आणखी काही ऐकायचंय? — थांबा. जिन्यात ताई आहे. तिला ना तुमची नोंद ठाऊक, ना ते नंतरचे घाव. ती आत आली की तुम्ही पॅकेजसाठी आलात, बाकी काही बोलणं झालं नाही. नाहीतर... नाही, नकोच. तुमचा चेहरा खोटं बोलणारा नाही. उठा. कागद घ्या, मागचं दार तिकडे. अहो, जा म्हणते ना!