कुरामोचीचं पत्र

बेसबॉलपटू कुरामोची आज निवृत्त होणार होता. फुकुओकाच्या मैदानाबाहेर सह्यांसाठी रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारा मासेविक्या आणि त्याची तिशीतली लेक होती.

“चिनात्सु, ते जुनं पत्र कशाला आणलंस?”

“‘ढोबळी मिरची खात जा, ताकद येते. तुझा कुरामोची.’ बाबा, याच्यामुळे तर मी मिरची खायला लागले.”

“त्याला दाखवू नकोस.”

“का?”

“अगं, ते मीच लिहिलं होतं.”

“ठाऊक आहे. तेव्हाच कळलं होतं. पाकिटाला आपल्या दुकानातल्या बांगड्याचा वास येत होता.”

“तरी खाल्लीस?”

“डोळे मिटून.”

“मग आता त्याची सही कशाला?”

“त्याची चेंडूवर घेईन. पत्रावर तुमची हवीय. हे घ्या पेन.”