काचेच्या पेटीला तीट

कानडी मुलखातल्या मेट्रोत शेजारी बसलेले बहीणभाऊ मराठी बोलताहेत म्हटल्यावर ठकुबाईंनी कान टवकारले.

“अक्का, बाळ एक किलोचंही नाही. त्याची काचेची पेटी स्वल्प गार झाली, तरी मी बनवलेला सेन्सर नर्सच्या फोनवर ओरडतो!”

“मग आज तुला कशाला बोलावलं?”

“बाळ दिसेना म्हणून सेन्सर ओरडत होता. बघतो तर काय, आजीनं त्याच्या भिंगावरच तीट लावलेली!”

“पुसलीस?”

“पुसली. पण म्हातारीचं तोंड बघवेना. मग तिच्याच डबीतलं काजळ घेतलं आणि सेन्सरच्या आड येणार नाही अशी पेटीला तीट लावली.”

“सरी, बरं केलंस! आता काळजी नाही.”

ठकुबाईंनी पेटीतल्या नातवासाठी पिशवीत घेतलेली काजळाची डबी चाचपली.

“अण्णा, पेटीच्या कुठल्या बाजूला लावलीत?”