इस्फंदार सरेपर्यंत

फसली १३५५, म्हणजे निजामाच्या राज्यातलं १९४६ साल. नांदेडच्या गुरांच्या दवाखान्याबाहेर दोघे बोलत होते: बैल घेऊन आलेले दुकानदार पंचाक्षरीअप्पा आणि पोलिसांच्या घोड्याचा मोतद्दार गणबा.

"गणबा, घोडं घामानं निथळायलंय. ती झूल काढ की."

"न्हाई अप्पा. इस्फंदार महिना सरेपर्यंत झूल ठेवायचा हुकूम हाय."

"औंदा थंडी कवाच गेली. महिना घोड्याला कळतो व्हय?"

"मला कळतो न्हवं. मागल्या साली माझ्या भावानं असंच ऊन बघून झूल काढली. घोडं पोटशूळानं मेलं, अन् भाऊ अजून जेलात हाय."

"पोटशूळाचा अन् झुलीचा काय संबंध?"

"त्यो बी हेच इचारत होता."

"मग डॉक्टरला सांग."

"त्येच्यासाठीच सकाळधरनं बसलोय. त्यांनी कागदावर लिहून दिलं की काढतो."

"अरे, ते बिलोलीला गेलेत. उद्या येतील."

"मग उद्या काढू."

"तवर मरंल की हे!"

"मला बी दिसायलंय, अप्पा. शिंगरू होतं तवापासून मीच चारतोय. पण झुलीखाली मेलं तर माझ्यावर बालंट येत न्हाई."

"गणबा, बसलं बघ घोडं!"

"झूल सरकली का? जरा त्या बाजूनं ओढा, अप्पा."