नानांच्या कार्डावरची तिरपी रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तापीतीर वाचनालयाचा सगळा भार वाहणारे आदरणीय मगनआबा. खास धुळ्याहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आपल्याच अभ्यासिकेत घडलेले आणि आता नायब तहसीलदार झालेले तेजससाहेब. आजचे सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं या वाचनालयाचे ग्रंथपाल राहिलेले पितांबर नाना बडगुजर. त्यांच्या शेजारी आज पहिल्यांदाच व्यासपीठावर बसलेल्या त्यांच्या पत्नी मंजुळाअक्का. संचालक मंडळी, वाचक, अभ्यासिकेतली मुलं-मुली. आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या सकीनाभाभी. सगळ्यांना कोकिळा सोनवणेचा नमस्कार.

भाभींना मी दोनदा पुढे या म्हटलं, त्या येत नाहीत. असू द्या. भाभी, तिथे ऐकू येतंय ना? निंबा, माइक थोडा वाढव रे बाबा. आज शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.

मी इथे बावीस वर्षं सहायक आहे. मला बोलायला पाच मिनिटं दिलीत. दिलीत म्हणजे नानांनी दिलीत, कारण आजची कार्यक्रमपत्रिका नानांनी स्वतःच आखली. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिलंय, 'कोकिळा, ५ मि., आठवणी.' आणि पुढे कंसात, 'गोड.' बघा, माणूस आपल्या निरोपाचीसुद्धा काळजी घेतो. अशी शिस्त कुठे मिळणार?

आत्ताच तेजससाहेबांनी नानांच्या कार्डांचं इतकं कौतुक केलं, की नव्यानं काय सांगावं? तरी जे बाहेरगावचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. नानांच्या शर्टाच्या खिशात कायम पाच-सात जाड कार्डं असतात. एका कामाला एक कार्ड. वर काम, उजव्या कोपऱ्यात तारीख. काम झालं की तिरपी रेघ. नाही झालं तर तारीख खोडायची, पुढची घालायची, कार्ड मागे सरकवायचं. कोपरा तारखांनी भरला की मागे नवं कार्ड टाचायचं. आणि कार्ड कधी फेकायचं नाही! हा नानांचा मोठा नियम. अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरांच्या खिशात आज अशी कार्डं आहेत. आमच्या वाचनालयात तर अशी रीतच पडली होती, की एखादी गोष्ट नानांनी कार्डावर लिहिली म्हणजे ती झाली. पुन्हा कुणी विचारायचं नाही. मीही विचारायची नाही. हे लक्षात ठेवा, मी परत इथे येणार आहे.

तर संचालक मंडळानं ठरवलं की नानांची निवडक कार्डं काचेच्या कपाटात कायमची मांडायची. ते बघा तिकडे, मखमली पडद्यामागे. कार्डं निवडायचं काम कुणाला? मला. नानांनी स्वतः मला किल्ली दिली. म्हणाले, "कोकिळा, चांगली चांगली शंभर काढ." एकतीस वर्षांची कार्डं, बिस्किटांच्या चौदा पत्र्याच्या डब्यांत. नाना, तुम्हाला आठवतं का हो, त्यात काय काय आहे? नाही ना? रेघ मारली की तुमच्या डोक्यातून काम जातं, हे तुम्हीच सांगता मुलांना. मी मात्र सगळी वाचली. दोन आठवडे दुसरं काही केलं नाही.

काय काय सापडलं म्हणता! 'दळण आणणे.' 'चोपडा बसस्टँडवरून पार्सल.' 'अध्यक्षांच्या नातवाच्या बारशाला हसतमुख राहणे.' आबा, यावर रेघ आहे हं, म्हणजे नाना हसतमुख राहिले होते. आणि एक कार्ड, मी इथे घेऊनच आले आहे, 'मंजुळाशी बोलणे, १० मि.' तारखा बघा. सोमवार खोडला, बुधवार खोडला, शनिवार खोडला. शेवटी एका मंगळवारी रेघ आहे. अक्का, काय बोलले हो त्या मंगळवारी? आठवत नाही? मी परवा घरी जाऊन अक्कांना हे दाखवलं, तर अक्का मला म्हणाल्या, "मन्हं बी कार्ड शे का? मी तं समजू त्यासले मन्हं ध्यानच नही." आणि कार्ड हातात घेऊन किती तरी वेळ बसल्या होत्या. हसताय ना सगळे? हसा. नानाही हसताहेत. नाना, हसून घ्या.

तेजससाहेब, तुम्ही मघाशी म्हणालात, "नानांसारखं जाड, सुंदर कार्ड बाजारात मिळत नाही, मी जळगावलाही शोधलं." कसं मिळेल साहेब? जरा हे दुसरं कार्ड हातात घ्या. खाली मध्यभागी भोक दिसतंय? ते कशाचं? जुन्या इमारतीत लाकडी खणांचं कपाट होतं. त्यात प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, पुस्तकाचं नाव, कोणती खोली, कोणती फळी. सगळ्या कार्डांच्या भोकांतून एक लांब सळई गेलेली. आता कार्ड उलटं करा साहेब. वाचा ना. मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक, खोली तिसरी, फळी सातवी. झालं? आणि मागे नानांच्या अक्षरात 'दाढी, सकाळी ८'.

कोरी कार्डं संपली होती हो. नव्यासाठी मागणीपत्र करा, सही घ्या, वाट बघा, एवढा धीर कुणाला? मग नानांनी सळई काढली आणि जी पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी नेली नव्हती त्यांची कार्डं उचलली. त्यांना ते 'मेलेली पुस्तकं' म्हणायचे. मी पाहिलं होतं का? दोन-चारदा पाहिलं होतं. म्हटलं, वरिष्ठ आहेत, त्यांना जास्त कळतं.

नाना, उठू नका. बसा. तुमच्याच पत्रिकेत खाली सूचना आहे, सत्कारमूर्तींनी भाषणे शांतपणे ऐकावीत. निंबा, नानांना पाणी दे.

दोन हजार तेरा साली तपासणी आली. आलेल्या साहेबांनी नेमकी जुनी पुस्तकं मागितली. आता सतरा हजार पुस्तकं, चार अंधाऱ्या खोल्या, कार्ड नाही तर फळी कशी कळणार? एकवीस पुस्तकं मिळेनात. साहेब म्हणाले, "पुस्तकं गेली कुठे?" आणि आमचे नाना, शिस्तीचे नाना, एक क्षणही न अडखळता म्हणाले, "बाइंडिंगवाला घेऊन गेला असेल. रद्दीत घातली असतील."

बाइंडिंगवाला म्हणजे फारुखभाई. तरुण मुलांना माहीत नसेल. खळीचा डबा आणि सुया घेऊन हा माणूस अठरा वर्षं आपल्या वाचनालयात यायचा. फाटकं पुस्तक मांडीवर घेतलं की आधी पान पान सरळ करायचा, मग सुई. पोत्यात चाळीस पुस्तकं घरी न्यायचा, चाळीस परत आणायचा. त्या जुलैतही नेली होती, आणि परत आणली होती. परत आणली तेव्हा मोजून घेणारी मी होते.

आता माझी गोड आठवण ऐका. नानांनी एक जबाब लिहून माझ्यापुढे ठेवला. 'जुलै महिन्यात फारुख यांनी पुस्तके घरी नेली, हे मी पाहिले आहे.' बस, एवढंच. मी म्हटलं, "नाना, परत आणल्याचं लिहिलं नाही." नाना म्हणाले, "लिहिलंय ते खरं आहे ना? मग सही कर." आणि मी केली! फारुखभाई समोर उभे होते. एवढंच म्हणाले, "ताई, तुले तं बठ्ठं माहीत शे ना?" सगळं माहीत होतं, तरी मी सहीखाली तारीख घातली.

मी सही का केली? मी तेव्हा दहा वर्षं हंगामी होते. पण माझ्यापेक्षा नानांचं कार्ड बरं सांगतं. हे बघा. 'कोकिळा, सही घेणे. मग कायम करण्याची शिफारस.' दोन्हीवर रेघ. माझी किंमत माझ्या मागे, टापटीप अक्षरात, बारा वर्षं डब्यात पडून होती.

आबा, तुमची चिठ्ठी मिळाली. 'वेळ संपली.' आबा, ही चिठ्ठीसुद्धा कार्डावरच लिहिलीत? वा! थांबते, थोडंच राहिलंय.

ठराव झाला, फारुख यांस वाचनालयाची पायरी बंद. गावात बातमी पसरायला किती वेळ? शाळांनी काम काढलं, वकिलांनी फायली देणं थांबवलं. अठरा वर्षं पुस्तकांना पुठ्ठे घालणारा माणूस रावेरला केळीच्या खोक्यांना चिकटपट्टी लावायला जाऊ लागला. भाभी, पहाटे पाचला डबा द्यायच्या ना तुम्ही?

मग दोन हजार सतराच्या मे महिन्यात आपण या नव्या इमारतीत आलो. पुस्तकं हलवताना मधमाश्यांचं पुस्तक माझ्या हातात आलं. खोली तिसरी, फळी सातवी. त्यानंतर दुसरं, तिसरं. एकवीसच्या एकवीस! जिथल्या तिथे, धूळ खात. मी अक्षरशः पळत नानांकडे गेले. म्हटलं, "नाना, सापडली! फारुखभाईंना सांगायला हवं." नाना म्हणाले, "उत्तम झालं. मी स्वतः सांगतो. थांब, कार्ड करतो." माझ्यासमोर खिशातून कार्ड काढलं आणि लिहिलं, 'फारुखला सांगणे. पुस्तके सापडली.'

आणि मी निश्चिंत झाले. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ते हे. कार्डावर लिहिलं म्हणजे झालं. फारुखभाई त्यानंतरही वाचनालयात आले नाहीत, तर मी काय समजले? रागावले असतील. रस्त्यात दिसले तर मी गल्ली बदलायची. मला वाटायचं, त्यांना खरं कळलंय आणि माझं तोंड बघायची त्यांची इच्छा नाही. दहा मिनिटांवर घर होतं. मी गेले नाही.

गेल्या वर्षी अकरा जानेवारीला फारुखभाई गेले.

दोन आठवड्यांपूर्वी तेराव्या डब्यात मला ते कार्ड सापडलं. ते कार्ड आता जाडजूड झालंय. मागे चार कार्डं टाचलेली, सगळी तारखांनी भरलेली. सोमवार, सोमवार, पुढचा सोमवार. सात वर्षं हे कार्ड नानांच्या खिशात होतं. सगळ्या सभांना होतं, सगळ्या सत्कारांना होतं. तेजससाहेब, तुम्हाला नानांनी वेळेचं महत्त्व समजावलं ना, तेव्हाही ते खिशातच होतं. मी त्याच दिवशी भाभींकडे गेले. विचारलं, "भाभी, पुस्तकं सापडली हे फारुखभाईंना कळलं होतं ना?" भाभी म्हणाल्या, "आमना घर कोनीच उनं नही, ताई." कोणीच आलं नव्हतं. दुखणं वाढल्यावरसुद्धा म्हणे ते विचारायचे, कोणी आलं होतं का वाचनालयातून?

आता साहेब, तुम्ही पडदा ओढाल तेव्हा आत शंभर कार्डं नाहीत. एकच आहे. बाजूला माझ्या सहीचा जबाब आहे, म्हणजे माझी सुटका झाली असं कुणाला वाटू नये. कार्डावर शेवटी काय आहे, ते इथूनच वाचते, शेवटच्या रांगेला दिसणार नाही म्हणून. 'फारुखला सांगणे.' त्यावर तिरपी रेघ, पट्टी धरून मारल्यासारखी स्वच्छ. खाली तारीख, अकरा जानेवारी. आणि नानांच्या त्याच सुंदर अक्षरात तीन शब्द, 'आता गरज नाही.'

नाना, मी सांगते काय ते. गरज होती. भाभी त्या तिथे बसल्या आहेत.

मगनआबा, तो ठराव अजून वहीत आहे. आज रद्द करा, याच सभेत, मोठ्यानं. मला बोलू दिलंत त्याबद्दल आबांची, पाहुण्यांची, तुम्हा सर्वांची मी आभारी आहे. नानांनी मला किल्ली दिली, त्यांची तर विशेष आभारी आहे. भाषणाच्या शेवटी काही कमी-जास्त बोलले गेले असल्यास क्षमा असावी, असं म्हणायचं असतं. आज जास्त काहीच बोलले गेलेलं नाही. जे कमी बोलले ते बारा वर्षांपूर्वी, आणि त्याची क्षमा व्यासपीठाकडे मागून उपयोग नाही.

म्हणून मीही एक कार्ड केलंय. 'सकीनाभाभींना सगळ्यांसमोर सांगणे.' तारीख आजची. यावर मी रेघ मारणार नाही. हे मी मागे त्यांच्या खुर्चीपाशी घेऊन जाते. रेघ मारायची की पुढची तारीख घालायची, ते त्या ठरवतील.

नाना, तुमचं पेन द्या जरा.