मागं ठेवलेलं अर्धं पोतं

मी सौंदडचा. आमी कोहळी, तलाव बांधणाऱ्या घरातले. बाप पाळीची, म्हंजे तलावाच्या बांधाची, माती मुठीत दाबून पाहे अन् सांगे, मातीले पाणी पुरे. तोच हात माह्याकडे आला म्हणून मी फुगून राहो, अन् काय सांगू तुम्हाला, त्याच हातानं घात केला.

काम लागलं दूर समुद्राकाठी, ग्यासच्या खोल विहिरीवर. लोखंडी पाइप खाली सोडतात अन् त्याच्या भवताल सिमेंटचा घोल पंपानं भरतात. खाली इतकं गरम का घोल सैल पडते, सिमेंट बुडी बसते, पाणी वर येते अन् ग्यासले वाट भेटते. म्हणून पाण्यात पॉलिमरची पावडर टाका लागते. किती, ते लॅबच्या नीता मॅडम ठरवत. त्यायनं सांगतलंही होतं, भाऊ, वर घट्ट दिसेल, भिऊ नका, खालच्या गरमीसाठीच आहे ते. मी हो म्हटलं. पण टाकीत हात घातला तं खळीसारखं घट्ट. हात म्हणे पुरे, पंप चोंदन. मी शेवटचं पोतं अर्धंच टाकलं, बाकीचं रिकाम्या पोत्यायखाली सरकवलं.

काही दिवसानं पाइपाच्या बाजूनं ग्यास वर येऊन राहिली. कोणाले इजा झाली नाई, पण पाइपाले छिद्र पाडून पुन्हा सिमेंट दाबा लागलं. साहेब लोक मॅडमलेच बोलले, तुमचं माप चुकलं. त्यायनं मले विचारलं, भाऊ, सगळी टाकली होती ना? मी म्हटलं, सगळी. तवापासून घरचं जेवणही गोड लागेना, बायको म्हणे, काऊन ताट तसंच ठेवता?

अशी तीन-चार वर्षं गेली, अन् यंदा मॅडम पुन्हा आमच्याच कामावर, दुसऱ्या विहिरीवर आल्या. पावडर जास्तच आणलेली. मी विचारलं, इतकी कायले? म्हणाल्या, त्या विहिरीपासून माझाच भरवसा उडाला, चाचणीत निघतं त्यावर थोडी वाढवतेच, मग पंपवाले शिव्या देतात.

तवा तोंडातून निघूनच गेलं. “मॅडम, माप बरोबर होतं तुमचं. अर्धं पोतं मी मागं ठेवलं होतं.”

मॅडम म्हणाल्या, “एवढी वर्षं मी स्वतःला बोल लावला, भाऊ.”

रागावल्या, रागवाच्याच होत्या. मले संग घेऊन साहेबाकडे गेल्या, तिथंही मी सगळं सांगतलं. मग जास्तीची पोती त्यायनं गोदामात परत धाडली अन् मलेच म्हटलं, आता टाका. मी हात घालून पाहिलंच नाई, एक एक पोतं झटकून रिकामं केलं.

सिमेंटनं पक्कं धरलं, ग्यास वर आली नाई. साहेब माह्यं काय करतीन ते करोत, जेवण तं गोड लागून राहिलं. गावी आलो का पाळीवर जातो, माती मुठीत दाबतो, तिथं हात खरा आहे माहा. मॅडमचं भलं होवो.